पडलेल्याने काय सिद्ध करायचं?

(पुण्यात तरुण-तरुणींच्या कायदेसाक्षरता वर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय कायद्याचा असला तरी त्याची सुरुवात कोर्टात होत नाही. ती जिन्याच्या फुटलेल्या पायरीवर होते, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर होते, झाकण नसलेल्या चेंबरवर होते. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या घरात कुणीतरी असं पडलेलं आहे. कुणाच्या अम्मीचा खुबा मोडला, कुणाच्या अब्बूंचं मनगट गेलं, कुणाची खाला सहा महिने पलंगावर होती.

अशा वेळी घरात दोन वाक्यं ऐकू येतात. एक, “जरा बघून चालायचं ना!” आणि दुसरं, “नशिबात होतं, जान वाचली हेच खूप.” पहिल्या वाक्यात सगळा दोष पडणाऱ्यावर जातो. दुसऱ्यात तो कुणावरच येत नाही. ज्याने ती जागा सांभाळायची होती, त्याचं नाव दोन्ही वाक्यांत नाही. सब्र करणं चांगलं, पण सब्र केला म्हणजे हिशेब मागायचा नाही असा त्याचा अर्थ होत नाही. उंट आधी बांधायची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने बांधायचा तो बांधला नाही, तर त्याला विचारायला नको का?

२० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक पेव्हर ब्लॉकसकट जमिनीत गेला. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. सुदैवाने चालक वाचला. ट्रक पडला म्हणून बातमी झाली. त्याच शहरात रोज माणसं पडतात, त्यांची बातमी होत नाही, आणि बहुतेकांची तक्रारही होत नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, “सिद्ध कसं करणार?” आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे.

चार कड्यांची साखळी

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. पडलात म्हणून भरपाई मिळत नाही. दावा जो करतो, सिद्ध त्यानेच करायचं, हा पुराव्याच्या कायद्याचा मूळ नियम आहे. पूर्वी तो १८७२ च्या कायद्यात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये आहे. मात्र दिवाणी दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. तुम्ही सांगता तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं न्यायालयाला पटलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये अशा अपघातांसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. निष्काळजीपणाची सर्वसाधारण तत्त्वं आणि न्यायालयांचे निकाल, यांवरच दावा उभा राहतो. त्यातून चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. जागा कुणाच्या ताब्यात होती. तिथला धोका त्याला माहीत होता, किंवा माहीत असायला हवा होता. तरी त्याने वाजवी काळजी घेतली नाही. आणि तुमची इजा त्याच धोक्यामुळे झाली. यातली एक कडी निसटली तरी दावा कोसळतो.

जागा कुणाची?

पुण्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कॅम्पात दोन गल्ल्या चाललात तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द संपून महापालिकेची सुरू होऊ शकते. स्टेशनबाहेरची जागा रेल्वेची असू शकते, खोदलेला रस्ता मेट्रोच्या किंवा एखाद्या कंपनीच्या ठेकेदाराच्या ताब्यात असू शकतो, महामार्ग आणखी वेगळ्या यंत्रणेकडे. इमारतीचा जिना आणि पार्किंग सोसायटीकडे असतं, आणि सोसायटी अजून स्थापन झाली नसेल तर बहुधा बिल्डरकडेच.

५ ऑक्टोबर २०१८ ची घटना तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकात, होर्डिंगचा लोखंडी सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार माणसं गेली. जागा रेल्वेची, काम ठेकेदाराचं, रस्ता शहराचा. अशा ठिकाणी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आपण पहिला अर्ज करायचा तो हाच विचारण्यासाठी, की ही जागा आणि हे काम कुणाकडे आहे? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

रस्ता महापालिकेचा निघाला, तर तिचं कर्तव्य सिद्ध करायला फार कष्ट नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची देखभाल करणं हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडतं. शिवाय पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं आहे. चालणाऱ्यांसाठी सुरक्षित पदपथ असावेत, हे शहराने स्वतः लिहून दिलेलं आहे.

दोन झाडांची गोष्ट

दुसरी कडी सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा.

पहिला राजकोटचा. १९७५ मध्ये रस्त्याकडेचं झाड अचानक कोसळलं आणि रस्त्याने जाणारा एक माणूस मेला. घरच्यांनी दावा लावला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिका जबाबदार नाही असं ठरवलं. ते झाड पडेल असा अंदाज महापालिकेला आधी असायला हवा होता, हे सिद्ध झालं नव्हतं.

दुसरा दिल्लीचा. तिथे स्कूटरवरून जाणाऱ्या माणसावर झाडाची फांदी पडली आणि तो मेला. १९९९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. ते झाड वाळलेलं होतं. ते धोक्याचं आहे हे बघणाऱ्याला दिसत होतं, आणि महापालिकेने ते वेळीच पाहून काढायला हवं होतं.

झाड दोन्हीकडे होतं, मृत्यूही दोन्हीकडे झाला. फरक पडला तो एकाच प्रश्नाने: सांभाळणाऱ्याला हा धोका कळायला हवा होता का?

आता हाच प्रश्न आपल्या गल्लीत आणा. एखाद्या चेंबरचं झाकण आज सकाळी फुटलं आणि दुपारी कुणी पडलं, तर महापालिका म्हणेल, आम्हाला कळलंच नाही. ते बचावाला पुरेसंही ठरू शकतं. पण तेच झाकण तीन आठवड्यांपासून फुटलेलं असेल, आणि त्याबद्दल पीएमसी केअरवर कुणी तक्रार टाकलेली असेल, तर “कळलंच नाही” असं म्हणायची सोय उरत नाही. तक्रारीचा क्रमांक आहे, तारीख आहे, फोटो आहे.

आजचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पडणाऱ्याचा पुरावा बहुतेक वेळा तो पडायच्या आधी तयार होतो, आणि तो दुसऱ्याच कुणीतरी तयार केलेला असतो. तुम्ही आज केलेली दोन मिनिटांची तक्रार पुढच्या महिन्यात पडणाऱ्या एखाद्या म्हातारीची साक्षीदार असते. “तक्रार करून काय होतं, कुणी येतच नाही” असं आपण म्हणतो. कुणी आलं नाही, तर ते न येणंही नोंदलं जातं, आणि नेमकं तेच पुढे कामाला येतं.

घटना स्वतः बोलते तेव्हा

काही वेळा आधीची तक्रार नसली तरी चालतं. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५० मध्ये कोसळला आणि माणसं दगावली. तो नगरपालिकेचा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितलं, की रस्त्यालगतचा मनोरा नीट सांभाळला असता तर आपोआप पडला नसता. तो सुमारे ऐंशी वर्षांचा होता, आणि त्यात वापरलेल्या चुन्याचं आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. अशा ठिकाणी घटनाच निष्काळजीपणा सांगते. मग खुलासा करण्याची पाळी मालकावर येते.

पण हे तत्त्व सगळीकडे लावू नका. ओल्या फरशीवरून माणूस घसरला, एवढ्याने घटना बोलत नाही. माणसं कोरड्या फरशीवरही घसरतात. पाणी कुठून आलं, किती वेळ होतं, पुसायला कुणी होतं का, “फरशी ओली आहे” अशी पाटी होती का, हे दाखवावं लागतं. यातली बरीच माहिती मॉलच्या किंवा दवाखान्याच्याच ताब्यात असते. साफसफाईची वही, कॅमेऱ्याचं चित्रण, कामाच्या पाळ्या, हे लेखी मागा. एखादी गोष्ट ज्याला खास माहीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम १०९ सांगतं. मागूनही दिलं नाही, तर ते न्यायालयाच्या नजरेस आणता येतं.

दवाखान्यातलं एक वाक्य

चौथी कडी सर्वांत जास्त वेळा तुटते, आणि ती आपल्याच हातून तुटते. माणूस रस्त्यावर पडतो. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, “कसं लागलं?” पोलिसांची झंझट नको म्हणून घरचे सांगतात, “घरी बाथरूममध्ये पडली.” कागदावर तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी तुम्ही कितीही खरं सांगा, समोरचा वकील तो पहिला कागद पुढे करतो.

म्हणून पहिल्याच डॉक्टरला खरं ते सांगा. कुठे, किती वाजता, कशामुळे. “अमुक चौकात उघड्या चेंबरमध्ये पाय गेला” एवढं लिहिलेलं असेल तर पुढे फार मदत होते. मोठी इजा असेल तर मेडिको-लीगल नोंद करायला सांगा आणि पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या. पोलिसांनी घेतली नाही, तर टपालाने पाठवा आणि पावती जपा.

बाकी कामं तुम्हा तरुणांची आहेत, कारण फोन तुमच्या हातात आहे. त्याच दिवशी जागेचे फोटो काढा, उद्यावर ठेवू नका, उद्या खड्डा बुजवलेला असेल. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब दिसेल. खोली कळावी म्हणून शेजारी पट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. न्यायालयात फोटो आणि व्हिडिओ सादर करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि व्हॉट्सअॅपवरून पाच जणांकडून फिरून आलेल्या फोटोला ते मिळवणं कठीण जातं. पाहणाऱ्या दोघांची नावं आणि नंबर घ्या. पायातली चप्पल टाकू नका. “तुमच्या चपलेचा तळ झिजला होता” हा समोरच्याचा ठरलेला बचाव असतो. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती लगेच लेखी द्या.

बिलं, औषधांच्या पावत्या, रिक्षाचं भाडं, बुडालेल्या पगाराचं मालकाचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये. आणि कृपा करून असं म्हणू नका, की “अम्मी तर घरीच असते, तिचं काय नुकसान?” घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून अनेकदा सांगितलं आहे. मोटार अपघाताच्या एका प्रकरणात २०२१ मध्येही ते पुन्हा सांगितलं. ती सहा महिने झोपून होती, तेव्हा स्वयंपाक, धुणं, मुलं कुणी पाहिली, त्याला किती खर्च आला, हे लिहून ठेवा.

समोरचा म्हणेल, तुमचीही चूक होती. फोनवर बोलत चालत होता, पाटी दिसली नाही. यात काही तथ्य निघालं तरी दावा संपतोच असं नाही. न्यायालय दोघांचा वाटा ठरवतं आणि तेवढी रक्कम कमी करतं. म्हणून आपली बाजू सांगताना खोटं मिसळू नका. एक खोटं सापडलं, की खरंही पातळ होतं.

दार कुठलं ठोठवायचं?

खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल, तर आता एक जवळचं दार आहे. रस्त्यांच्या दुरवस्थेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका २०१३ पासून सुरू होती. सुस्थितीतले रस्ते हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. तरी ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमी झाल्यास इजेनुसार पन्नास हजार ते अडीच लाख. महापालिकेच्या हद्दीत हे ठरवणाऱ्या समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतील. ही रक्कम दोषी अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करता येईल. पण या समितीपुढेही अपघात त्या खड्ड्यामुळेच झाला हे दाखवावं लागणारच. फाइल तीच लागते.

महापालिकेविरुद्ध दिवाणी दावा करायचा असेल, तर कलम ४८७ कायम ध्यानात ठेवा. आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. “प्लास्टर निघू दे, मग बघू” म्हणत अनेकांचे सहा महिने इथेच जातात. सरकारी खात्याविरुद्ध दोन महिन्यांची नोटीस लागते, कॅन्टोन्मेंटचे नियम पुन्हा वेगळे. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतच सल्ला घ्या.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेच्या जागी पडलात, म्हणजे खासगी दवाखाना, हॉटेल, सिनेमागृह, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आणि “वकील परवडत नाही” हे कारण निदान बहिणींनी तरी सांगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही तो आहे. मदतीचा क्रमांक १५१००.

आपल्या दारातली फरशी

शेवटी थोडं अवघड बोलतो. इथवर टाळ्या पडल्या, कारण दोषी दुसरे होते. पण जागा सांभाळणाऱ्याची जबाबदारी फक्त महापालिकेची नसते. वुजूखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर नमाजी घसरतात. शादीखान्याच्या जिन्याला कठडा नसतो. मदरशाच्या गच्चीला जाळी नसते. तिथे ट्रस्टी कोण? आपलेच काका, आपलेच अब्बू, आणि उद्या तुम्ही.

मशिदीच्या कमिटीला कुणी सांगितलं, की फरशी निसरडी आहे, तर त्या क्षणापासून कमिटीला ते माहीत आहे. महापालिकेला आपण जो प्रश्न विचारतो, तोच तिला लागू होतो. “अल्लाच्या घराविरुद्ध तक्रार कशी करायची?” असं म्हणून तो टळत नाही. तक्रार घराविरुद्ध नसते, घर सांभाळण्याचं काम ज्यांनी पत्करलं त्यांच्याविषयी असते. आणि इथे कोर्टापर्यंत जायची वेळच येऊ नये. खडबडीत फरशी, रबरी चटई, धरायला दांडी, रात्री दिवा. यासाठी लागतो तो खर्च मोडलेल्या खुब्याच्या एका ऑपरेशनपेक्षा खूप कमी असतो.

तर आज घरी जाताना एवढं करा. वाटेत तुम्हाला माहीत असलेला एक खड्डा, एक फुटलेलं झाकण, एक सैल पायरी निवडा. फोटो काढा, ज्याची जागा आहे त्याला लेखी कळवा, क्रमांक जपून ठेवा, आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर तो क्रमांक टाका. दुरुस्ती झाली तर उत्तमच. नाही झाली, आणि उद्या तिथे कुणी पडलं, तर त्याला “सिद्ध कसं करू?” असं विचारत बसावं लागणार नाही. त्याच्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल.